चित्रातून पळालेली बाई

"भूत पळालंय, लवकर या!" असा निरोप आला तेव्हा फौजदार सेन्झो मुळा-भात खात होता. अठरा वर्षांच्या नोकरीत फरारीचं इतकं नेमकं वर्णन त्याला कुणी दिलं नव्हतं. पांढरा किमोनो, मोकळे केस, पाय नाहीत.

मंदिरात गाव जमलं होतं. मधोमध विधवा ओमिनो, हात बांधलेले. वर्षातून एकदा, पितरांच्या दिवसांत, भुताच्या बाईचं चित्र इथे टांगत. आज गुंडाळी उलगडली तर बाई जेमतेम दिसत होती. शंभर वर्षांची काळी शाई गेली कुठे?

"हिच्या अंगात!" जिन्पाची ओरडला. चित्रांना कागदाची पाठ लावणारा हा कारागीर. "मंदिर झाडायला हीच येते. घर जाळा, डोंगरापलीकडे हाकला!"

"हाकला!" गाव म्हणालं.

"घर नवऱ्यानं बांधलंय," ओमिनो म्हणाली. "हात तर लावून बघा."

सेन्झोने विचारलं, "चित्र शेवटचं कुणी हाताळलं?"

"मीच," जिन्पाची म्हणाला. "वीस दिवसांपूर्वी नवी पाठ लावली. तेव्हा बाई ठसठशीत होती."

"बुवा, तुम्ही पाहिलीत?"

"गुंडाळलेलीच घेतली," पुजारीबुवा पुटपुटले. "एकट्यानं उघडायची म्हणजे..."

सेन्झोने चित्राच्या कोपऱ्यातल्या, चित्रकाराच्या लालभडक शिक्क्यावर अंगठा फिरवला. अंगठ्याकडे पाहिलं. "चला, जिन्पाचीच्या दुकानात."

दुकानात कागद वाळवायची मोठी फळी भिंतीला टेकली होती. तिच्यावर कोरा कागद ताणलेला. सेन्झोने त्यावर घमेलंभर पाणी फेकलं. ओल्या कागदामागून आधी केस वर आले, मग डोळे.

निम्मं गाव रस्त्यावर पळालं.

"ही घ्या तुमची फरारी," सेन्झो म्हणाला. "आपल्या हातकागदाला पापुद्रे असतात. कसबी हात ओल्या कागदाचे दोन सोलतो. वरच्यावर चित्र, खालच्यावर नुसती झिरपलेली शाई. वरचा विकायला ठेवला, खालचा देवाला दिला. पण शिक्क्याचा लाल रंग झिरपत नाही, वरच बसतो. म्हणून यानं खोटा शिक्का मारला." त्याने लाल अंगठा दाखवला. "शंभर वर्षांचा शिक्का बोटाला लागत नाही. आणि जाता जाता शिक्का ताजा करून जाणारं भूत मी तरी पाहिलं नाही."

"उंदीर साला!" जिन्पाची सेन्झोकडे बघून थुंकला. "एका बाईसाठी एवढी उकराउकर?"

"एकटी होती म्हणूनच तर आळ घ्यायला तिला निवडलीस," सेन्झो म्हणाला.

ओमिनोचा दोर सोडून त्याला बांधला. माफी कुणी मागितली नाही. "तरी हिची नजर तशीच आहे हं," एक म्हातारी म्हणाली.

बुवांनी घसा खाकरला. "ओमिनो, उद्या झाडायला येशील ना?"

"तिला सांगा," ओमिनोने ओल्या फळीकडे बोट केलं. "तिला पाय नाहीत, ती तुमच्याकडेच राहील. मला आहेत."

आणि ती चालत आपल्या घरी गेली.