वाळूजच्या शेडमधला ढोल

हे खरं घडलंय, असं मी कितीही ओरडून सांगितलं तरी तुम्ही हसणार. हसा. पण एकदा माझ्या मामेबहिणीला, सुलेखाला, समोर बसवून विचारा. ती विषय बदलेल. पुन्हा विचारलंत तर उठून आत जाईल. तिच्या बोटांवरचे व्रण मात्र तिला लपवता येत नाहीत. ते मी स्वतः पाहिलेत, आणि तिनं एकदाच, तेव्हाच, मला सगळं सांगितलंय.

गेल्या वर्षीचा श्रावण. रविवारची दुपार.

जागा... वाळूज एमआयडीसी. आतल्या रस्त्यावरची एक पत्र्याची शेड.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दिवसा सुरू झालं सगळं.

सुलेखा उस्मानपुऱ्यात राहते. शाळेत गणित शिकवते. आज तिच्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण कॉलेजात असताना ती ढोलपथकात ताशा वाजवायची. नुसती वाजवायची नाही, सगळं पथक तिच्या इशाऱ्यावर चालायचं. तिनं काड्या उचलल्या की ढोल सुरू. तिनं शेवटचा कडकडाट करून हात वर नेला की एका ठोक्यात सगळे ढोल बंद. पुढं लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, पथक पांगलं. ताशा माळ्यावर गेला.

मग बन्सी गेला.

बन्सी त्यांच्या पथकातला सगळ्यात दणकट ढोलवाला. झोपेतच गेला बिचारा. त्याच्या तेराव्याला सगळे जुने दोस्त किती वर्षांनी एकत्र आले. तिथंच राजेंद्र म्हणाला, "यंदा विसर्जनाला एकदा वाजवू यार. बन्सीसाठी."

सुलेखाच्या अंगावर काटा आला म्हणे. आनंदाचा काटा. घरी आल्या आल्या तिनं माळ्यावरून ताशा काढला आणि साडीच्या पदरानंच पुसला.

आठ जण जमले. सहा ढोल, दोन ताशे. पुण्यात कंपनीत असलेला मिहिर शनिवार-रविवार यायचा. फुलंब्रीहून साहेबराव यायचा. त्याची तिकडं शेती. वयानं सगळ्यांत मोठा, पथकात सगळे त्याला अण्णा म्हणायचे. सरावाला जागा राजेंद्रनं दिली. वाळूजमध्ये त्याचं छोटं वर्कशॉप होतं. नव्या जागेत हलवल्यामुळं जुनी शेड रिकामी पडली होती. मालकाला परत द्यायला अजून अवकाश होता.

शेड लांबलचक. पुढं एकच मोठं शटर. दुसरं दार नाही. खिडक्या नाहीत, फक्त वर छताजवळ हवेसाठी जाळ्या. मागच्या टोकाला ताडपत्रीखाली भंगार.

"शटर खालीच ठेवू," राजेंद्र म्हणाला. "शेजारच्या कंपनीचा गार्ड आवाजाची कटकट करतो. पण सांगून ठेवतो, याची स्प्रिंग गेलीय. उचलायला पाच-सहा जण लागतात."

कुणाला त्यात काही वाटलं नाही.

दुपार छान गेली. हात बसायला लागले होते. जुने ठेके आठवत होते. मिहिरला धाप लागायची, सगळे हसायचे. "पोट उतरव आधी, मग ढोल चढव!" साहेबराव म्हणायचा.

चहा झाल्यावर सुलेखानं एक मोठा ठेका घेतला. शेवटाला आली. कडकडाट केला. हात वर नेला.

सगळे ढोल थांबले.

एक थांबला नाही...

धम्.

एकच ठोका. मागून. भंगाराच्या बाजूनं.

"घुमला रे आवाज," राजेंद्र म्हणाला. "पत्रा आहे ना."

पुन्हा वाजवलं. पुन्हा सुलेखानं हात वर नेला. आठही जण थांबले.

धम्... धम्...

आता दोन.

साहेबराव मान वळवून मागं बघत राहिला. "घुमणं नाय हे," तो हळूच म्हणाला. "घुमलेला आवाज आपल्या मागं येतो. ह्यो तर आपण न वाजवलेला पुढला ठोका वाजवतोय."

 मिहिर हसला, पण अर्धवट. राजेंद्र मोबाइलचा टॉर्च लावून मागं जाऊन आला. ताडपत्री उचलून पाहिली. लोखंडी पाइप, गंजलेले रॅक, रिकामे डबे. बाकी काही नाही.

तो परत येऊन उभा राहिला...

आणि मागं ढोल सुरू झाला.

एकटा. संथ. त्यांचाच ठेका.

दिसत काहीच नव्हतं. ताडपत्री हलत नव्हती. पण छातीत तो ठोका बसत होता. ढोलाजवळ उभं राहिल्यावर बसतो ना, तसा.

"बन्सी?" कुणीतरी कुजबुजलं.

सुलेखाला रडू फुटलं. भीतीनं नाही. तिला खरंच वाटलं, बन्सीच आलाय. ती एक पाऊल पुढं गेली. "बन्सी, तू आहेस का रे?"

ढोल थांबला.

सगळ्यांनी श्वास रोखला.

मग तो पुन्हा सुरू झाला. दुप्पट जोरात. आणि... जवळून. आता तो भंगारात नव्हता. शेडच्या मधोमध होता.

"शटर! शटर उचला!" राजेंद्र ओरडला.

ढोल काढून टाकायलाही कुणी थांबलं नाही. कमरेला ढोल बांधलेलेच सगळे शटरकडं धावले, वाकले, बोटं खाली घातली. शटर वीतभर उठलं. मागचा आवाज सरकत आला. ठोक्याठोक्याला जवळ. मिहिर सगळ्यांत मागं होता. त्यानं नंतर सांगितलं, ढोलाचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, हललं की वारा लागतो, तसा वारा त्याच्या मानेला लागला. गार वारा. तो किंचाळून खाली बसला. शटर हातातून सुटलं आणि धाडकन खाली आलं.

तेव्हा साहेबरावानं जे केलं ते का केलं, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तो गर्रकन वळला आणि त्यानं ढोलावर टिपरू हाणलं.

जवळ आलेला आवाज जागीच थांबला.

थांबला म्हणजे बंद झाला नाही. त्यानं साहेबरावाशी ठेका जुळवला. पण पुढं सरकेना.

"वाजवा!" साहेबराव ओरडला. "वाजवा रे सगळे! वाजवलं की येत नाय ते!"

आणि ते वाजवायला लागले.

पाठ शटरला. तोंड त्या रिकाम्या शेडकडं. सुलेखा ताशा वाजवत होती आणि समोर कुणीच नसलेल्या जागेकडं बघत होती. तिथून ढोल येत होता. हाताच्या अंतरावर असावा तसा. ठेका चुकला की तो पुढं यायचा. कुणाचा हात ढिला पडला की पुढं यायचा. सगळ्यांनी जीव तोडून वाजवलं की तेवढाच मागं हटायचा.

राजेंद्रनं एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं गार्डला फोन लावला. गार्डनं उचलला. राजेंद्र घसा फाडून ओरडला, "शटर उघड! बाहेरून शटर उघड!"

"साहेब, तुमचा ढोल लई वाजतोय," पलीकडून आवाज आला. "काय बी ऐकू येईना. बंद करून बोला."

बंद करून बोला.

राजेंद्रनं फोनकडं पाहिलं. गार्डनं कट केला होता.

किती वेळ गेला, कुणाला ठाऊक नाही. छताच्या जाळ्यांतून येणारा उजेड आधी पिवळा झाला, मग राखाडी. सुलेखाच्या बोटांची कातडी सोलली. काड्या रक्तानं निसटायला लागल्या. तिनं मध्येच तीनदा शेवटचा कडकडाट करून पाहिला. वाटलं, इशारा ऐकेल. पथकातला असेल तर थांबेल.

त्यानं इशारा ऐकला नाही. उलट दर वेळी सगळे चुकले आणि तो आणखी जवळ आला.

तिला घरचं आठवत होतं. लेकीला सांगितलं होतं, संध्याकाळी येताना भेळ आणते. इतकं साधं वाक्य, पण तेच डोक्यात फिरत होतं.

मिहिर पडला. छाती धरून, तोंड उघडून श्वास ओढत. त्याचा ढोल बंद झाला. मग आणखी एकाचा हात उचलेना.

साहेबराव सुलेखाच्या शेजारी सरकला. तिच्या कानाशी येऊन ओरडला, "ताई, असं नाय जमायचं. एकेक जण पडतोय. मी एकटा वाजवतो. तुम्ही सगळे शटर उचला."

"नाही अण्णा! एकट्याला..."

"पोरगं मरंल ते!" त्यानं मिहिरकडं मान हलवली. "माझ्या हातात जोर हाय अजून. ऐक माझं. उचला!"

आणि तो पुढं गेला.

पाठ सगळ्यांकडं. अंधाराकडं तोंड. असा वाजवला त्यानं ढोल, की सुलेखा म्हणते, आयुष्यात कुणाला तसं वाजवताना ऐकलं नाही.

बाकीच्यांनी पट्टे सोडले. ढोल जमिनीवर टाकले. सात जण... त्यातला मिहिर धड उभाही नव्हता... शटरला भिडले. शटर गुडघ्याएवढं उठलं. राजेंद्रनं शटरजवळ पडलेला रॅकचा तुकडा खाली सरकवला. मिहिरला ओढून बाहेर काढलं. मग एकेक जण पोटावर सरकत बाहेर. सुलेखा शेवटची.

बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावरून शिफ्टची बस गेली. सगळं नेहमीसारखं.

"अण्णा, या! या बाहेर!"

आत दोन ढोल वाजत होते. एकमेकांना भिडलेले. एक साहेबरावाचा... दुसरा तो.

"अण्णा!"

आणि दोन्ही ढोल एका ठोक्यात बंद झाले.

एकदम स्वच्छ शेवट. सुलेखाच्या इशाऱ्यावर व्हायचा तसा.

राजेंद्र आणि आणखी एक जण शटरखालून आत घुसले. साहेबराव शटरपासून दोन पावलांवर बसला होता. डोळे उघडे. ढोल कमरेलाच. त्याला पाय धरून ओढत बाहेर काढलं. मग कुणी मागं पाहिलं नाही. ढोल, ताशे, चपला, डबे, सगळं तसंच टाकून गाड्या हाणल्या.

मिहिरला दवाखान्यात नेलं. वाचला. विसर्जनाला वाजवायचं नाही, हे कुणी कुणाला सांगावंच लागलं नाही.

आठवड्यानं सुलेखा साहेबरावाला भेटायला फुलंब्रीला गेली. तो अंगणात खाटेवर पडून होता. बायको दगडाबाई म्हणाली, "घरात निजतच नाईत हे. दार लावलं की उठून बसतात."

सुलेखा त्याच्याजवळ बसली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही होतात म्हणून आम्ही वाचलो. त्या बन्सीला तरी काय बुद्धी झाली..."

"बन्सी नव्हता तो," साहेबराव म्हणाला.

"कशावरून?"

"बन्सीचा हात मला ठाव हाय."

तो खाटेवर उठून बसला. मग उजवा हात पुढं करून म्हणाला, "तुम्ही शटरला हात घातला ना, तवाच माझं टिपरू तुटलं. मी वाजवतच नव्हतो, ताई."

सुलेखाला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पण आम्हाला बाहेर... दोन ढोल ऐकू येत होते."

"दोन?" साहेबरावानं तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला दोनच ऐकू आले व्हय?"

मग तो पाठ फिरवून पुन्हा आडवा झाला. 

आता शेवटचं. दुसऱ्या दिवशी राजेंद्र पाच-सहा कामगार घेऊन सामान आणायला शेडवर गेला होता. आदल्या दिवशी शटर अर्धं उघडंच टाकून सगळे पळाले होते. तरीही ते पूर्ण खाली होतं. खाली सरकवलेला रॅकचा तुकडा बाहेर रस्त्यावर पडला होता. गार्डनं लावलं असेल म्हणून सगळे मिळून उचलायला गेले. हलेना. राजेंद्रनं वाकून बाजूच्या फटीतून पाहिलं.

शटरला आतून कडी घातलेली होती.

तो तसाच परत फिरला.

त्यांचे ढोल अजून आतच आहेत. सुलेखाचा ताशाही. परवा मालकाचा फोन आला राजेंद्रला, नवीन भाडेकरू मिळालाय, या महिन्यात शेड रिकामी करून द्या म्हणून. राजेंद्रनं सगळ्यांना विचारलं, कोण येतं बरोबर?