उजवीकडे गेलेला आवाज

उस्तादांचा एक नियम होता. अँप्लिफायर बिघडला म्हणून कुणी बोलावलं, की आधी अँप्लिफायर उघडायचाच नाही. दहातली आठ दुखणी वायरीत असतात, आणि लोक उगीच आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करत बसतात. म्हणून त्या शनिवारी दुपारी ते दोस्ताच्या घरी निघाले, तेव्हा पिशवीत टेस्टर, पक्कड आणि एक मऊ फडकं, एवढंच होतं.

दोस्त जाऊन दीड वर्ष झालं होतं. मैत्री शाळेपासूनची. त्याआधी उस्तादांची बायको गेली, तेव्हा महिनाभर हाच दोस्त त्यांना रोज जेवायला आपल्या घरी घेऊन यायचा. त्यामुळे त्याच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा फोन आल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

तक्रार तशी साधी होती. डाव्या स्पीकरमधून घरघर येते, आणि त्या घरघरीत कुणीतरी बोलतं.

"रेडिओ असेल, वहिनी," उस्ताद हसून म्हणाले. "अर्थिंग नीट नसलं, की वायरच एरियल होऊन बसते. भुतं नंतर, आधी अर्थिंग."

वहिनी हसल्या नाहीत. खोलीचे पडदे ओढलेले होते. अँप्लिफायर तापला, तसा जळक्या धुळीचा वास पसरला आणि घरघर सुरू झाली. उस्तादांनी आधी सीडी प्लेअर काढून बाजूला ठेवला. घरघर तशीच. मग अँप्लिफायरमागे हात घालून दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली. दोष स्पीकरचा असला, तर तो डावीकडेच राहणार. अँप्लिफायरचा असला, तर उजवीकडे जाणार. तो उजवीकडे गेला. चोर सापडला म्हणून उस्ताद खूश झाले.

चार वाजायला आले होते. घरघर हळूहळू पातळ झाली आणि तिच्याखालून एक बाई बारीक खाकरली. बोलण्याआधी असं खाकरणारी एकच बाई उस्तादांना ठाऊक होती, आणि तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"निघते मी... ताईकडे जाते म्हणून सांगून आलेय."

"बस ना जरा..." हा दोस्ताचा आवाज.

"नको. तो कोपऱ्यावर घ्यायला येईल. सोडायलाही स्वतःच येतो की." आणि ती हसली.

तिच्या ताईचं घर इथून दोनच गल्ल्या पलीकडे. दर शनिवारी उस्ताद तिला स्कूटरवरून कोपऱ्यावर सोडत आणि ती वळेपर्यंत थांबत. त्यांना आधी राग आला नाही, लाज वाटली. जिच्या फोटोशी दोन शब्द बोलल्याशिवाय अजून त्यांना झोप लागत नव्हती, ती. आणि ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ते तिच्यासाठी रडले होते, तो. दोघांनी मिळून केसानं गळा कापला होता.

"वहिनी... तुम्हाला माहीत होतं?"

वहिनी भिंतीकडे बघत होत्या. "दर शनिवारी लागतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी एकटीनेच किती दिवस ऐकायचं?"

उस्तादांनी स्पीकरच्या वायरी उपटल्या. आवाज थांबला नाही. आता तो सरळ त्या डब्यातूनच येऊ लागला. त्यांनी प्लग खेचून काढला. लाल दिवा विझला आणि खोलीत दोघांच्या श्वासाशिवाय काही उरलं नाही. त्यांना वाटलं, संपलं.

प्लग त्यांच्या हातातच होता, तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "बाहेर कोणी आहे का रे...?"

"कोणी नाही गं," दोस्त म्हणाला. "दुरुस्तीवाला आलाय."

आणि उस्तादांच्या डोळ्यांदेखत, कुणाचाही हात लागलेला नसताना, आवाजाचं बटण सावकाश डावीकडे फिरत गेलं, आतलं बोलणं बाहेरच्याला ऐकू जाऊ नये इतकं.