झुल्याचा कापलेला दोर

उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियामागच्या मैदानात सर्कसचा तंबू दिसला, तशी चारुदत्तने गाडी हळू केली. शनिवारची त्याची सुट्टी वहिनीने नेहमीप्रमाणे मागून घेतली होती.

सुनेत्रावहिनी पूर्वी मुंबईत इन्शुरन्स कंपनीसाठी अपघातांची चौकशी करायची. आता इथे आखातात, अल कुसैसच्या फ्लॅटमधून लोकांच्या खाजगी भानगडी सोडवत असे. चारुदत्त गाडी चालवायचा, आणि चुकीचे अंदाज बांधायचा.

सर्कसचे मालक रफिकभाई मूळचे मालेगावचे. त्यांनी थेट झुल्याचा दोरच पुढे केला. दांडीच्या वर वीतभर अंतरावर तो अर्ध्याहून जास्त कापलेला होता.

"मॅडम, मर्डर होता होता राहिला. सकाळी प्रॅक्टिसआधी नर्मदाच्या बोटांना जाणवलं म्हणून कळलं. उद्या तिची तिहेरी कोलांटी, पहिल्यांदाच. सोमनाथ म्हणत होता ईदनंतर करू. मी म्हटलं नो चान्स, पोस्टर लागलेत."

"दोर रोज कोण तपासतं?"

"वरचे हूक अन् गाठी मी बघतो. खालचं टोक नर्मदा."

"आणि मधला दोर?"

"मधलं कोण बघतंय? दोर नवीनच आहे ना."

नर्मदा पेटीवर बसून पोशाखाला टिकल्या लावत होती. लहानपणापासून ती आणि सोमनाथ एकाच तंबूत वाढले, पुढे लग्नही तिथंच झालं. ती हवेत उडायची, समोरच्या झुल्यावर उलटा लटकलेला सोमनाथ तिला झेलायचा.

"वर चढण्याआधी दांडीजवळच्या दोरावरून बोटं फिरवते मी, ताई. उस्तादांनी लावलेली सवय."

"कुणाला माहीत आहे ही सवय?"

"सोमनाथला. अन् यहयाला असेल, तो हल्ली प्रॅक्टिसला इथंच घुटमळतो."

"अजून किती वर्षं उडणार?"

"सोमनाथ उतरेल त्या दिवशी मीपण उतरणार. दुसऱ्याच्या हातात नाही जायची मी."

यहया कराचीचा, मौत के कुएँमध्ये मोटरसायकल फिरवणारा. त्याच्या मनगटांवर पांढरी पावडर होती.

"ये किसलिए?" सुनेत्राने विचारलं.

"हँडल की ग्रिप के लिए, बाजी."

हातमोजे हँडललाच लटकत होते. चारुदत्तने वहिनीला कोपराने ढोसलं. तिने लक्ष दिलं नाही.

सोमनाथ तंबूमागे एकटाच बसला होता. सुनेत्राने सुलेमानी चहाचा ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याची बोटं ग्लासाच्या अलीकडे, हवेतच मिटली. मग चाचपत ग्लासाला लागली. बिचारा हादरलाय, चारुदत्तला वाटलं.

"यहया कसा माणूस आहे?"

"चांगला आहे. हात मजबूत आहेत त्याचे."

बाहेर येताच चारुदत्त म्हणाला, "वहिनी, उघड आहे. यहयाचा नर्मदावर डोळा आहे. तिने नकार दिला असणार, तो त्याला पचला नाही. पावडरबद्दल खोटंही बोलला."

"खोटं बोलला, हे खरं. पण भावजी, जीवच घ्यायचा असता तर तुम्ही दोर कुठे कापला असता?"

सुनेत्राने सगळ्यांना तंबूत बोलावलं.

"वर मालक बघतात, खाली नर्मदा. मध्ये कुणीच नाही," ती सांगू लागली. "मारणाऱ्याने मध्येच कापलं असतं. इथे दोर कापलाय तो नेमका नर्मदाच्या बोटांखाली. सापडावा म्हणूनच. कुणालातरी उद्याचा खेळ थांबवायचा होता. ईदनंतर करू, असं कोण म्हणालं होतं?"

सोमनाथने मान खाली घातली.

"तुम्हाला अंतर कळत नाही, सोमनाथ. हातभरावरचा ग्लास हुकला, मग वेगाने येणारा माणूस कसा झेलणार? म्हणून यहयाला झेलायला शिकवताय. हातमोजे घालून मोटरसायकल चालवणाऱ्याला पावडर लागत नाही. झुल्यावर लटकणाऱ्याला लागते. पण तो ईदच्या आधी तयार होणार नव्हता."

"उजवा डोळा गेलाय," सोमनाथ म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, परत यायचा नाही. दुहेरीला सवयीने झेलतो. तिहेरीत ती कुठून येते, मला दिसतच नाही. परवा निसटली, जाळीत पडली."

"ती माझी चूक होती," नर्मदा म्हणाली.

"माझी होती."

तिचा चेहरा कठोर झाला. "किती रडले मी त्या चुकीपायी. तू शेजारी होतास. बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तूपण उतरली असतीस. तुला उडताना बघतच मोठा झालो मी, नर्मदा. माझ्यामुळे ते संपायला नको होतं."

"उतरायचं की नाही, ते मी ठरवणार. तू कोण?"

रफिकभाईंनी खाकरून पोस्टरचा विषय काढला.

"उतरवा ते," नर्मदा म्हणाली आणि यहयाकडे वळली. "हाथ दिखाओ."

त्याची मनगटं तिने दाबून पाहिली, वळवून पाहिली. मग तिने नवा दोर बांधायला सांगितला आणि जाळी स्वतः ताणून बघितली.

दुपार कलली तेव्हा ती वरच्या फळीवर उभी होती. समोर यहया उलटा झुलत होता. सोमनाथ खाली, जाळीच्या कडेला.

"दांडी सोडायची हाक कोण देणार?" तिने वरून विचारलं.

"मला अंतर दिसत नाही गं."

"ऐकू येतं ना?"

सोमनाथने डोळे मिटले. दोरांची कुरकुर जवळ येत होती, लांब जात होती. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"हा!"

मनगटांवर पंजे आपटल्याचा आवाज झाला.

"धरली," सोमनाथ म्हणाला. डोळे अजून मिटलेलेच होते.