मागचं डावं चाक

गाडी शेवटी गॅरेजवाला घेऊन गेला आणि तिचे ब्रेक उत्तम निघाले. चारही चाकांचे. तसा त्याचा फोन आला. आईने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजू. गाडी शेडमध्येच आहे, गॅरेजवाला अजून यायचाय आणि दुपार आहे. मला सांगायला असंच सोयीचं पडतं.

शेड म्हणजे घराच्या कुशीत पत्रा टाकून केलेली जागा. स्वयंपाकघराचं दार तिच्यात उघडतं. दाराबाहेर एक पायरी, पायरीखाली सिमेंटची फरशी आणि तिथेच गाडीचं मागचं डावं चाक. म्हणजे चाकाची जागा. चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि गाडीचा तो कोपरा लोखंडी स्टँडवर होता. खांब दिसल्यावर कुत्रा धरतो तसा एक पाय वर धरून ती गेले कित्येक महिने उभी होती.

गाडी ताईची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, दातांची डॉक्टर. गाडीचं सगळं काम ती स्वतः करायची. "दिवसभर मी दुसऱ्यांच्या तोंडात हात घालते," ती म्हणायची, "निदान माझ्या गाडीत तरी दुसऱ्याने घालू नये." बॉनेट उघडताना ती "आ कर" म्हणायची. काम झालं की बॉनेटवर थाप मारून, "आता दोन तास काही खायचं नाही." गाडी बिचारी खायचीही नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला हे बघवायचं नाही. त्याला आम्ही 'अंदाजे' म्हणायचो. काय बिघडलंय? अंदाजे क्लच. कधी मिळेल? अंदाजे संध्याकाळी. त्याला मुलगी झाल्याचे पेढे घेऊन तो आला, तेव्हा ताईने गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "अंदाजे मुलगीच ना?"

ब्रेकवरून त्यांची नेहमी जुंपायची.

"डॉक्टर, बाकी काय वाटेल ते करा, पण ब्रेकशी खेळू नका. माझ्याकडे मशीन आहे. एकटा माणूस हवा काढतो."

"आमच्याकडे भाऊ आहे."

"मशीन चुकत नाही, डॉक्टर."

"बडबडतही नाही. तेवढं मात्र तुमचं खरं."

यातला भाऊ म्हणजे मी. माझं शिक्षण विचारलं की ताई लोकांना सांगायची, "उजवा पाय."

ते काम कसं असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल उशीसारखं मऊ लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून तिथला छोटा नट ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात, मग नट आवळायचा आणि त्यानंतरच आतल्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

म्हणजे आत बसलेल्याला खाली काय चाललंय ते कधीच दिसत नाही. बघायला जायचं तर पाय उचलावा लागतो.

पूर्वी ती खालून "दाब!" आणि "सोड!" असं ओरडायची. पण मी आत बसून बडबड करत असायचो, मला ऐकूच यायचं नाही. मग तिने पान्याने ठोके द्यायला सुरुवात केली. एक ठोका म्हणजे दाब आणि धरून ठेव. दोन ठोके म्हणजे सोड. आमच्या आयुष्यात आम्ही एकमेकांशी जेवढं नीट बोललो, ते बहुतेक एवढंच.

पेडलपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असं सगळे सांगतात. ताई उलटी जायची. "अवघड दाढ शेवटी," म्हणायची. म्हणून मागचं डावं चाक नेहमी शेवटी.

त्या रविवारी तीन चाकं झाली. चौथ्याला ती आडवी पडली आणि लगेच उठून बसली.

"हे उद्या करू," ती म्हणाली. "ही फरशी मला जरा गोल फिरताना दिसतेय."

"फरशीला गॅरेजमध्ये दाखव," मी म्हणालो.

ती हसली. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलमध्ये होती. त्यानंतरचे सगळे दिवसही. मग एका सकाळी तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. मी तोपर्यंत कुणाचं एवढं बोलणं न अडवता ऐकलेलं नव्हतं.

लोक म्हणाले, वेळ जाऊ दे. वेळ गेला. गाडी गेली नाही.

आईने स्वयंपाकघराचं ते दार बंद केलं आणि डब्यांची मांडणी ओढून त्याला लावून टाकली. कपडे वाळत घालायलाही ती पुढून वळसा घालून जायची. मी अधूनमधून शेडमध्ये जायचो, पाने पुसून ठेवायचो आणि परत यायचो. पाने तसे स्वच्छच होते.

मग एक दिवस आई म्हणाली, "अंदाजेला फोन कर. मला ती जागा हवी आहे."

"कशाला?"

"कशाला नाही. रिकामी हवी आहे."

"एकच चाक राहिलंय, आई. ते मी करतो. मग ठरवू."

"एकट्याने?"

मी काहीतरी विनोद करणार होतो, पण सापडला नाही.

"एकट्याने होत नाही ते," आई म्हणाली. "एवढी वर्षं इथे उभी राहून ऐकलीय मी तुमची ठोकाठोकी. त्याच्याकडे मशीन आहे. करू दे त्याला."

मशीन ते चाक करणार होतं. ताईने "उद्या" म्हणून ठेवलेलं ते एकच काम अजून शिल्लक होतं. तेही एक मशीन, फुर्रकन, परक्या शेडमध्ये करणार होतं. मी फोन केला. अंदाजे म्हणाला, येतो क्रेन घेऊन, अंदाजे दुपारी. गाडी न्यूट्रलला टाकून ठेवा.

म्हणून मी गाडीत बसलो. केवळ न्यूट्रलला टाकायला.

आत लवंगेच्या तेलाचा वास होता. तिच्या हातांना असायचा तोच. काचेवर धूळ, सीटवर धूळ. पत्रा तापला होता आणि मधूनच कट् कट् वाजत होता. तापलेला पत्रा वाजतो, हे मला माहीत आहे. मी गिअर न्यूट्रलला टाकला. हँडब्रेक खाली केला. उतरायला दार उघडलं.

मागून एक ठोका आला.

पत्र्याचा नव्हे. लोखंडावर लोखंडाचा.

मी विचार केला नाही. पाय आपोआप पेडलवर गेला. मी आणि पाय, आमच्या दोघांत शिकलेला तोच.

पेडल थोडं मऊ जाऊन थांबलं. मग माझ्या पायाखालून सावकाश खाली उतरत गेलं आणि तळाला टेकलं. हे मी नीट सांगून ठेवतो. नट बंद असेल तर पेडल असं तळाला जात नाही. चाकापाशी कुणीतरी नट ढिला केला तरच जातं.

दोन ठोके.

मी पाय उचलला.

उंदीर असणार, मी स्वतःला समजावलं. उंदराकडे पाना कुठून आला हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला. डाव्या आरशात पाहिलं. भिंत दिसत होती, भिंतीला टेकलेलं चाक दिसत होतं. फरशी त्या आरशात दिसत नाही. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. तिथूनही दिसत नाही. उतरून दोन पावलं गेलो असतो तर दिसली असती.

एक ठोका.

उतरायचं राहिलं.

दाब. सोड. दाब. सोड. लवंगेचा वास वाढला, किंवा मी जोरात श्वास घेत होतो. बोलल्याशिवाय मला राहवेना.

"ताई," मी म्हणालो. आवाज बरा निघाला. "एक माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो, म्हणतो, डॉक्टर, मला फार भीती वाटते..."

मागे शांतता. मी विनोद सुरू केला की ती अशीच थांबायची, संपायची वाट बघत. मी पूर्ण सांगितला. कुणीही हसलं नाही. तेही पूर्वीसारखंच.

मग एक ठोका, जरा जोरात.

प्रत्येक वेळी पेडल थोडं जास्त कडक लागत होतं. म्हणजे हवा संपत आली होती. म्हणजे काम संपत आलं होतं. तेव्हा मला एक युक्ती सुचली. नट ढिला असताना पाय उचलायचा. सगळी हवा परत आत. मग पुन्हा पहिल्यापासून दाब, सोड, दाब, सोड. हे चाक मला जन्मभर पुरलं असतं.

पेडल तळाला गेलं होतं. मी पाय किंचित सैल केला.

मागून आवाज आला, "च्."

एवढाच. पेशंटने मध्येच तोंड मिटलं की ती काढायची तो.

मी पाय पुन्हा दाबला. गाल ओले झाले होते. ते पुसायला पाय उचलावा लागत नाही.

दोन ठोके.

मग एक.

मी दाबलं. या वेळी पेडल दगडासारखं होतं. मी जोर लावला, ते हललं नाही. झालं होतं. आता दोन ठोके आले की संपलं.

ते आले नाहीत.

मी थांबलो. पत्रा वाजला. मांडी थरथरायला लागली. मी थांबलो.

डावीकडे भिंतीपलीकडे काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला, डबे एकमेकांवर आपटले आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई पायरीवर उभी होती. तिथून सगळी फरशी दिसते.

"आई," मी म्हणालो, "तिथे खाली बघ ना जरा."

ती आधीच बघत होती. घाबरली नव्हती. ताट वाढलेलं असताना कुणी उशिरा घरी आलं की तिचा चेहरा होतो, तसा झाला होता.

"पाठीखाली काहीतरी घे गं," आई म्हणाली. "फरशी गार आहे."

मला नव्हे.

तिने पायरीवरचं पायपुसणं उचललं, झटकलं, दुहेरी घडी केली आणि खाली वाकली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती. ती खूप वेळ वाकलेली राहिली. तिचा खांदा हलत होता, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरचे केस मागे सारताना हलतो तेवढा.

मग ती उठली. हात रिकामे होते.

"आई, ती काय..."

"पाय हलवू नकोस," आई म्हणाली आणि आत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

थोड्या वेळाने बाहेर क्रेन थांबली. अंदाजे शेडमध्ये आला.

"चला दादा, उतरा. चाक बसवतो आणि निघतो."

"मला पाय उचलता येत नाही."

"मुंग्या आल्या?"

"हो," मी म्हणालो. ते सोपं होतं.

तो माझ्या खिडकीपासून गाडीच्या मागून वळून डाव्या बाजूला गेला. मी मान वळवली. मला तो छातीपासून वर दिसत होता. चाकाच्या जागेपाशी येऊन तो थांबला. खाली पाहिलं. खिशातून फडकं काढून मान पुसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. इथे कुणीच नाही."

तिथे कुणी आहे का असं मी विचारलं नव्हतं. आणि 'अंदाजे' म्हणायला तो विसरला होता.

भिंतीला टेकलेलं चाक घ्यायला त्याला फक्त दोन पावलं सरळ टाकायची होती. त्याने एक पाय गुडघ्यापर्यंत उंच उचलला, दूर जपून टेकवला, तोल सांभाळला आणि मग दुसरा पाय तसाच उचलून पलीकडे नेला. बोळात कुणी पाय पसरून झोपलेलं असलं की जातो तसा.

"सॉरी," तो खाली बघून हळूच म्हणाला.

आता तो चाक हातात धरून उभा आहे आणि माझ्याकडे बघत नाही. क्रेनचं इंजिन चालू आहे. आई आत आहे. माझा पाय पेडलवर आहे.

तरी संबंधितांस विनंती की, मागच्या डाव्या चाकाचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असल्याने, पाय उचलण्याबाबतचे दोन ठोके नियमाप्रमाणे देण्यात यावेत. ते देणे शक्य नसल्यास तसे आपल्या सवडीने व स्वतःच्या आवाजात कळवावे. आणि तोवर सदर वाहन, त्याखालील फरशी व अर्जदाराचा उजवा पाय आहे त्या स्थितीत ठेवण्यास मुदत न घालता मंजुरी मिळावी.