चुलीच्या कट्ट्यावरचे सात खडे

बंधू यशयाचं डोकं मागून फुटलं होतं. रक्त चुलीपर्यंत ओघळून राखेत मुरलं होतं. शेजारी जेली ढवळायचं सागवानी दांडकं पडलं होतं; त्याला जेलीचा पाक आणि केस चिकटले होते.

साल १९४४. घोडेगावजवळच्या ख्रिस्ती मठातले बंधू पाव, मध आणि पेरूची जेली करून फाटकालगतच्या दुकानात विकत. आज त्याच फाटकात फौजदार बंधू गिदोनला बेड्या घालून उभा होता.

"संध्याकाळी नगरला नेतो. हातात दांडकं, अंगावर रक्त, आणि तोंडातून शब्द काढत नाही."

"काढणार कसा?" गिदोनची बहीण मरियम कळवळली. "उपासाचे चाळीस दिवस मौनाची शपथ आहे त्याची. फासावर चढवलंत तरी बोलायचा नाही. सुमंतराव, तुम्हीच बघा!"

खासगी तपासात नाव असलेल्या सुमंतांना तिनंच नगरहून आणलं होतं. सोबत त्यांचे स्नेही काकासाहेब. त्यांनी आल्या आल्या दुकानातून मधाची बाटली घेतली होती.

"मयताच्या दारात खाताय?" सुमंतांनी विचारलं.

"सकाळपासून उपाशी आहे हो, म्हणून. पण हा मध कसला? चक्क काकवी!"

सुमंतांनी बोटभर चाखलं आणि बाटली खिशात घातली.

दुकान सांभाळणारा सत्यवान रडवेला झाला होता. उजव्या मनगटाला पट्टी होती.

"यशयाबंधू ओव्या गात होते, साहेब. शेवटची, बारावी चालू होती. मधेच तुटली. मी धावलो, तर गिदोन दांडकं हाणत होता!"

"लगेच धावलात?" सुमंतांनी विचारलं.

"पापणी लवायच्या आत."

"मनगटाला काय झालं?"

"सकाळी बाटली फुटली. काच लागली."

पेरूवाला रंगनाथ बैलांपाशी उभा होता.

"यशयाशी भांडलास म्हणे?"

"व्हय, भांडलो. किडकं पेरू आनलं म्हनले. म्हनून मानूस मारू का? मी पाट्या उतरवत हुतो, गिदोनभाऊ भट्टीतनं पाव काढत हुतं. जळका वास आला, तसं पळालं आत."

"हाही संशयितच," फौजदार पुटपुटला. "त्याचं कोण ऐकतं?"

सुमंत स्वयंपाकघरात शिरले. गिदोननं पाणी ओतून चूल विझवली होती. कढईच्या बुडाशी जेलीचा कोळसा झाला होता. काकासाहेबांनी सुरी खुपसली तर पातंच वाकलं. चुलीच्या कट्ट्यावर सात खडे ओळीनं मांडलेले होते; शेजारी वाटीत आणखी पाच होते.

"हे त्यांचं घड्याळ," मरियम म्हणाली. "ओवी संपली की एक खडा. बारा झाले की जेली उतरवायची."

सुमंतांनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"सत्यवान, तुम्ही बारावी ओवी ऐकलीत. खडे सातच कसे?"

सत्यवाननं पट्टीवर दुसरा हात धरला.

"गाणं सातव्या ओवीनंतर तुटलं. जेली तेव्हा पातळ होती. तिचा कोळसा व्हायला कितीतरी वेळ लागला. तुम्ही लगेच धावला असतात तर जेली उकळताना दिसली असती, आणि गिदोन भट्टीपाशीच असता. गिदोन आला तो जळक्या वासानं. मेलेल्या बंधूशेजारचं दांडकं त्यानं उचललं, एवढाच त्याचा गुन्हा."

"मग मारलं कुणी?" काकासाहेबांनी विचारलं.

"दांडकं उकळत्या कढईतून उपसलेलं होतं. डोक्यावर उगारलं की पाक मारणाऱ्याच्या मनगटावर ओघळणार. फौजदार, पट्टी सोडा. काच कापते, फोड आणत नाही."

पट्टी निघाली. कातडी सोलून फोड टरारले होते.

"मध बाहेर विकून बाटल्यांत काकवी भरलीत. काकासाहेबांच्या जिभेला जे कळलं, ते मधमाश्या पाळणाऱ्या यशयाला कळणार नव्हतं?"

"पाया पडलो त्याच्या!" सत्यवान किंचाळला. "तरी म्हणाला, रविवारी कीर्तनात सगळ्यांपुढं कबूल कर!"

पावाची सुरी उचलून तो दाराकडे झेपावला. दारात मरियम होती. गिदोननं बेड्यांसकट दोन्ही हात मधे घातले आणि पातं मुठीत धरलं. रक्ताची चिळकांडी उडाली. ओठातून हूं की चूं नाही. फौजदारानं दंडुका घातला तेव्हा सत्यवान रक्तातच कोसळला.

बेड्या गिदोनच्या हातांतून सत्यवानच्या हाती गेल्या.

गिदोननं चिरलेल्या बोटांनी वाटीतला एक खडा उचलून सातव्याशेजारी ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

मरियमला कळलं. डोळे पुसून तिनं आठवी ओवी धरली. फौजदारानं टोपी काढली. रंगनाथ दारातच खाली बसला.

बारा खडे पुरे होईपर्यंत कुणीही उठलं नाही.