नऊ गावं आणि आरमोरी

रंभाने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते. लॉरीखालून बाहेर आलेले दोन तेलकट पाय.

"अजून किती वेळ लागन जी?" तिने पायांनाच विचारलं.

"तुमाले घाई आहे का?" पाय बोलले.

"मले नाई. गाडीले आहे."

खालून हसू ऐकू आलं, आणि मग चेहरा बाहेर आला. वारलू मिस्त्री. कपाळाला काळं लागलेलं, डोळे मात्र धुतल्यासारखे स्वच्छ. रंभाने पदर सावरला... उगीचच.

साल त्रेपन्न, कार्तिकाचे दिवस. आरमोरीच्या सोमाजीने, म्हणजे तिच्या बापाने, लष्कराच्या लिलावातली ही लॉरी घेतली होती. पासिंगचा साहेब महिन्यातून एकदाच चांद्याला यायचा, तो उद्या येणार होता. लॉरी पास झाली तर जंगलातल्या बांबूची वाहतूक मिळणार, नाही तर सगळा हंगाम हातचा जाणार. ब्रेक ढिले झालेले, आणि पासिंगच्या मैदानाजवळ गॅरेज एकच. तिथे शिरलेली चांगली गाडीही दुसऱ्या दिवशी नापास होते आणि पुन्हा त्याच मालकाच्या दारात येते, असं लोक दबक्या आवाजात बोलत. म्हणून सोमाजीने लेकीला गाडीजवळ बसवलं होतं.

"राखण करून राह्यल्या का?" वारलूने विचारलं.

"हो. तुमची."

"माझी? मले कोण चोरते?"

"कोणी चोरलं तर तक्रार नाई करणार मी," ती म्हणाली, आणि आपणच काय बोललो म्हणून दुसरीकडे पाहू लागली.

दुपारपर्यंत बोलणं असं वाढत गेलं की रंभाने आपली युक्तीही सांगून टाकली. दिव्यांना वीज पुरवणाऱ्या डायनॅमोवर तिने खिळ्याने तीन ठिपके ठोकले होते. तिच्या मनगटावर गोंदलेले होते, अगदी तसेच. "गोंदलेलं कोणी नेऊ शकत नाई, मेल्यावरबी संगं येते, असं माय म्हणे."

वारलूने ठिपके पाहिले. मग मनगट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. 

ती बापाला भाकर देऊन परत आली तेव्हा वारलू हात पुसत उभा होता. तिने वाकून पाहिलं. डायनॅमो जागेवर होता... पण ठिपके नव्हते.

"मिस्त्री, हे कोणी केलं?"

"मीच." त्याने मान वर केली नाही. "मालकानं सांगतलं. हा बिघडलेला आहे, तुमचा त्याच्या कपाटात आहे, कुलपात. मी तीन वर्षं हेच करून राह्यलो, बाई."

लॉरी उद्या नापास होणार, याचं दुःख होतंच. पण सकाळपासूनचं ते हसणं... तेही खोटं होतं का?

तिने पुन्हा त्या कोऱ्या लोखंडाकडे पाहिलं.

"तीन ठिपके ठोकायले तुमाले किती वेळ लागला असता? मले कळलंबी नसतं. काऊन नाई ठोकले?"

वारलूने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हात उचलला नाई," तो म्हणाला.

"मग उद्या साहेबापुढे तोंड तरी उचला."

दुसऱ्या दिवशी मैदानावर पंधरावीस गाड्या उभ्या होत्या. साहेब सोमाजीच्या लॉरीजवळ आले, आणि वारलू पुढे झाला. त्याने इंजिनचं झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं – हा डायनॅमो मी बदलला, खरा कपाटात आहे. मालक लाल झाला, ओरडला, मग बारीक आवाजात बोलू लागला. साहेबांनी कपाट उघडायला लावलं. तीन ठिपके बाहेर आले.

दुपारी लॉरी पास झाली. वारलूची नोकरी सकाळीच गेली होती.

सोमाजीने त्याला हाक मारली. "चाल ना गा आरमोरीले. मले मिस्त्री पाह्यजेच."

वारलूच्या हातात पान्यांची पिशवी होती. उत्तर बापाला होतं, पण तो रंभाकडे पाहून बोलला.

"येतो, सोमाजीभाऊ. पण आत्ता नाई. नऊ गावच्या गाड्या मी बिघडवल्या. तिथी जाऊन खरं सांगतो, गाड्या नीट करून देतो... मग."

"मारतील ना लोकं," रंभा हळूच म्हणाली.

"एखादा मारन. तुमीबी मारणारच होत्या काल."

"अजून विचार सोडला नाई मी." तिचे डोळे भरले होते, तरी ओठ हसले. "नऊ गावं झाल्यावर कोणतं गाव?"

"तुमी सांगान ते."

"दहावं आरमोरी. तिथी मात्र राहायले या, मिस्त्री. दुरुस्तीले नाई."

वारलूने हँडल फिरवून लॉरी चालू करून दिली आणि बाजूला झाला. पुष्कळ पुढे गेल्यावर सोमाजी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "नऊ गावं. पायी फिरला तर होळी उजाडन."

"उजाडू दे, बाबा," रंभा म्हणाली. "अर्ध्यावरून आला तर मीच परत धाडीन त्याले."