टायमर रद्द केला होता

खोटं वाटेल, पण आईशप्पथ, हे माझ्याच घरात घडलंय. म्हसा गावात, गेल्या थंडीत, ऐन दिवेलागणीला.

सरिता माझी बायको. तिचं लग्न आधी ठरलं होतं ते हरेशशी. हरेश माझ्याच ऑफिसातला. आटगावजवळ बाइकवरून पडला आणि जागीच गेला.

आम्ही दोघं मशीनच्या आतल्या टायमरचे ड्रायव्हर लिहायचो. ड्रायव्हर म्हणजे मशीनचा एक भाग चालवणारा प्रोग्राम. वेळ भरली की टायमर त्या ड्रायव्हरला हाक मारतो. म्हणून ड्रायव्हर काढण्याआधी टायमर रद्द करायचा असतो. हरेश हमखास विसरायचा.

मी ओरडायचो, "अरे येड्या, मालक गेला तरी हा हाका मारत बसंल ना!"

तो नुसता हसायचा.

त्यानं सरितासाठी एक छोटा सर्किट बोर्ड बनवला होता. दिवेलागणीला बीप वाजायचा. माझ्याशी लग्न झाल्यावर ती तो आमच्याकडे घेऊन आली. बीप वाजला की तिचा चेहरा खुलायचा, आणि माझा नुसता जळफळाट.

शेवटी मी त्या बोर्डातला हरेशचा ड्रायव्हर पुसून टाकला. टायमर आधी रद्द केला. पुन्हा तपासला.

त्याच संध्याकाळी...

बीप.

"ऐकलंस काय गो?"

"नाय ओ. काय?" सरिता तुळशीपाशी दिवा लावत होती. पण तिचा हात थांबला होता.

मी वायर काढल्या. बॅटरी काढली. बोर्ड टेबलावर नुसता पडून.

दुसऱ्या संध्याकाळी...

बीप.

आणि अंगणातून सरिता, अगदी हळू...

"थांब हरेश, आले."

इतकं गोड ती माझ्याशी कधी बोलली नाय. मेलेल्या माणसावर कोणी एवढं जळतं का? मी जळलो. बोर्ड हातोडीनं फोडला, तुकडे चुलीत घातले.

कोणाशी बोललीस विचारलं, तर ती म्हणाली, "तुमचं कायतरीच! मी कुठं काय बोलले?"

तेव्हापासून घर शांत आहे. मला काहीच ऐकू येत नाही.

पण रोज दिवेलागणीला सरिता हातातलं काम सोडते. मान वळवते. केस सारखे करते... आणि हसते.

मी शेजारीच बसलेला असतो.